शंका-समाधान

रात्रीचे दोन वीस. मी पलंगावर उताणा पडून फिरत्या पंख्याकडे बघतोय आणि डोक्यात एकच प्रश्न: जावं की पडून राहावं?

मराठीत या गोष्टीला लघुशंका का म्हणतात ते मला साठी उलटल्यावर कळलं. तरुणपणी शंका नसायची, खात्री असायची. लागली की उठायचं, मोकळं व्हायचं, परत येऊन घोरायचं. आता खरोखरच शंका असते. लागली आहे, की लागल्यासारखं वाटतंय? कूस बदलली तर थांबेल? आत्ता गेलो तरी पहाटे पुन्हा जावं लागणारच, तर दोन्ही एकदमच उरकली तर? या वादात वीस मिनिटं जातात. दोन्ही बाजू मीच मांडतो आणि हरतोही मीच. शेवटी उठतो. प्रत्यक्ष काम दीड मिनिटाचं. परत येऊन पाठ टेकतो न टेकतो तोच नवी शंका, पुरती झाली ना? एवढ्या मोठ्या प्रकरणाला 'लघु' म्हणणारा माणूस तिशीच्या आतला असणार.

त्या दीड मिनिटासाठी करावा लागणारा प्रवास तर विचारूच नका. आमच्या डोंबिवलीच्या घरात पलंग भिंतीला लावलेला आहे. भिंतीकडे मी, बाहेर बायको. छत्तीस वर्षांपूर्वी, "मला पहाटे उठून तुमचा डबा करायचा असतो, तुम्ही आत झोपा," या तिच्या म्हणण्यावर ही जागावाटणी झाली. त्या करारात माझ्या मूत्राशयाचा विचार कुणी केला नव्हता. त्यामुळे मी आधी पायथ्याकडे सरपटत जातो, तिथून घसरत जमिनीवर उतरतो. मग चपला. अंधारात पायात येतील त्या आपल्या. मग स्विचबोर्ड. आठ बटणं आणि आठही सारखी. पहिलं दाबलं की हॉलमधली ट्यूब पेटते. दुसऱ्यानं एक्झॉस्ट फॅन सुरू होतो, विमान उतरल्यासारखा. तिसरं गीझरचं. ते मी किती रात्री चालू ठेवून आलो याचा हिशेब महिन्याच्या शेवटी बिलात येतो.

दिवा लावला तर झोप उडते आणि नाही लावला तर मी पडतो. मागे एकदा नातवाच्या पिवळ्या जेसीबीवर पाय पडला. मी सटकलो तो थेट शिलाई मशीनच्या पायट्यावर. सून "चोर, चोर" ओरडली. मुलगा लाटणं घेऊन धावला. बायको मात्र डोळे न उघडता म्हणाली, "चोर नाही गं, बाबा आहेत. दोनचे." जणू मी डहाणू लोकल.

दुसऱ्या दिवशी मुलानं सुचवलं, "बाबा, मोबाइलचा टॉर्च का नाही लावत?" लावून बघितला. मोबाइल हातात घेतला की आधी अठ्ठावीस 'शुभ रात्री' दिसतात, त्यांना नमस्कार करेपर्यंत तीन वाजतात.

आणि मग फ्लश. आमची इमारत जुनी, पाइप त्याहून जुने. तिसऱ्या मजल्यावर मी साखळी ओढली की तळमजल्यापर्यंत धबधबा ऐकू येतो. खालच्या मजल्यावर एक निवृत्त हेडमास्तर राहतात. सर सकाळी जिन्यात भेटले की हजेरी घेतात.

"काल चार झाले का हो?"

"नाही सर, तीनच."

"मग एक वरच्यांचा असेल," असं म्हणून ते मनात कुठेतरी नोंद करतात. एकदा मी संकोचानं माफी मागितली, तर म्हणाले, "छे छे, उलट सोय होते. तुमचा चारचा आला की मी थायरॉइडची गोळी घेतो. अनशापोटी लागते ना. मग फिरायला निघतो. घड्याळ दुरुस्तीला टाकलंय ते आणलंच नाही अजून."

ज्येष्ठ नागरिकांच्या आमच्या कट्ट्यावर सकाळचा पहिला प्रश्न असतो, "काल किती?" पूर्वी तो सचिनच्या धावांबद्दल असायचा. कुणी तीन सांगतो, कुणी चार. एक जण नेहमी "पाच, त्यातले दोन नाहक" असं सांगून आघाडी घेतो. आमच्यातले सगळ्यांत वयोवृद्ध, ब्याऐंशी वर्षांचे आजोबा एकदा म्हणाले, "मी रात्री एकदाही उठत नाही." कट्ट्यावर शांतता पसरली. दोन मिनिटांनी ते पुढे म्हणाले, "झोपच लागत नाही, तर उठणार कशातून?"

कट्ट्यावर या विषयाचे तज्ज्ञ पुष्कळ आहेत. त्यांच्या मते माझं 'प्रोटेस्ट' वाढलेलं होतं. प्रोस्टेटला हा शब्द इतका चपखल बसतो की मी तो कधी सुधारला नाही. शुद्ध मराठीत तिला पौरुषग्रंथी म्हणतात. इतर सगळं पौरुष ओसरायला लागलं की नेमकी ही ग्रंथी वाढायला लागते, हा निसर्गाचा विनोद मला अजून पचलेला नाही. मूत्राशयाच्या तोंडाशीच तिचं बिऱ्हाड आणि मूत्रमार्ग तिच्या मधून जातो. ती जाड झाली की वाट अरुंद होते. आमच्या फडके रोडवर दिवाळीत होतं तसं.

"गोखरूचा काढा," पहिले तज्ज्ञ म्हणाले. "रात्री झोपताना एक कप. आठ दिवसांत फरक."

"काढा कसला, ही उष्णता आहे," दुसरे म्हणाले. "धणे-जिऱ्याचं पाणी. कोमट. झोपताना."

"तीळगूळ खा. पोरं अंथरूण ओलं करतात तेव्हा देतात तोच उपाय. तुम्हाला लागू पडेल," हे म्हणणाऱ्यांनी माझ्याकडे जरा करुणेनं पाहिलं.

चौथ्यांनी मला बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणून शिवांबूचं नाव काढलं. "मोरारजीभाई घ्यायचे. नव्याण्णव वर्षं जगले." मी म्हटलं, "अहो, माझी तक्रार बाहेर फार जातं ही आहे, आणि तुम्ही ते परत आत भरायला सांगताय!" बँकेत असताना आम्ही याला सर्क्युलर ट्रेडिंग म्हणायचो. तो उपाय मी नम्रपणे नाकारला. बाकीचे तिन्ही स्वीकारले.

मी शिस्तीचा माणूस आहे. तेहतीस वर्षं बँकेत काढली, एक व्हाउचर पेंडिंग ठेवलं नाही. आमच्या जेवणाच्या टेबलावर रात्री साडेनऊला आधीपासूनच पेल्यांची एक रांग लागायची. पोट साफ राहावं म्हणून त्रिफळा. गुडघ्यांसाठी हळदीचं दूध. झोपताना मोठा पेलाभर पाणी प्यायलं तर हार्ट अटॅक येत नाही, असं आमच्या साडूंनी चार गटांवर पाठवलं होतं, म्हणून ते पाणी. त्या रांगेत हे नवे तीन येऊन उभे राहिले. मी एकेक पेला रिकामा करत, कॅशियरसारखा टिकमार्क करत झोपायला जायचो.

पंधरा दिवसांत मी तीनवरून चारवर गेलो.

"औषध लागू पडायला वेळ लागतो," कट्टा म्हणाला.

याच काळात संगमेश्वरजवळ भाच्याच्या मुलाची मुंज निघाली. कोकणातलं जुनं घर, माजघरात आणि पडवीत मिळून पंचवीस माणसं ओळीनं झोपलेली. बिन नंबरी गोधड्या. न्हाणीघर परसात. पहिल्या फेरीला मी कुणाच्या तरी हातावर पाय दिला. "कोण रे?" "मी. डोंबिवलीचा." "बरं, जा," असं म्हणून हात झोपी गेला. दुसऱ्या फेरीला कुत्र्यानं सोबत केली. तिसऱ्या फेरीला दिवे गेलेले. मी अंदाजानं ओळी मोजत आलो, एक जागा रिकामी दिसली, अंग टाकलं आणि गोधडी ओढून घेतली. पहाटे डोळे उघडले तर शेजारी भाच्याचे सासरे. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत भीती आणि अंगावर काहीही नाही, कारण गोधडी माझ्याकडे. माझ्या मूळ जागेवर रात्रभर ते कुत्रं निवांत झोपलं होतं.

परतीच्या एसटीत बायकोनं निर्णय जाहीर केला. "आता डॉक्टर."

डॉक्टर आमच्या मुलाच्या वयाचे. त्यांनी आधी एक फॉर्म दिला. जगभर वापरतात म्हणे. सात प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. धार बारीक होते का, मध्येच थांबते का, जोर करावा लागतो का, रात्री किती वेळा उठता. पस्तीसपैकी मला अकरा पडले. जन्मात पहिल्यांदाच पस्तीसपैकी अकरा पडल्याचा आनंद झाला. शेवटी एक जादा प्रश्न होता: उरलेलं सगळं आयुष्य ही तक्रार अशीच राहिली तर तुम्हाला कसं वाटेल? 'अत्यानंद' असाही एक पर्याय होता. त्यावर कोण खूण करत असेल याचा मी अजून विचार करतोय.

मग तपासण्या. लघवीची, रक्ताची, साखरेची. साखर नॉर्मल आली. कट्ट्यावर हे सांगताना मला अपराधी वाटलं. तिथल्या मधुमेहींनी मला आधीच त्यांच्यात घेतलं होतं.

सोनोग्राफीचं मात्र नाव काढू नका. आयुष्यभर ज्या गोष्टीपासून पळालो ती गोष्ट तिथे पैसे भरून करून घ्यायची असते. सकाळी जाऊन लिटरभर पाणी प्यायचं आणि बाकावर बसायचं. तिथल्या ताई दर दहा मिनिटांनी बाहेर येऊन सगळ्यांसमोर विचारतात, "काका, प्रेशर आलं?"

"नाही."

"अजून पाणी प्या."

प्यायलो. घरी दोन थेंबांनी उठवणारं माझं मूत्राशय तिथे सरकारी कर्मचाऱ्यासारखं ढिम्म बसून राहिलं. आणि आलं तेव्हा असं आलं की मी उभाच राहिलो. "आलं! ताई, आलं!" ताई म्हणाल्या, "पाच मिनिटं. एक इमर्जन्सी घेतलीय." मी म्हटलं, "ही दुसरी घ्या."

चरकसंहितेत अडवू नयेत असे तेरा वेग सांगितले आहेत आणि त्यांत मूत्राचा नंबर बराच वरचा. चरकांच्या काळी सोनोग्राफी नव्हती. त्या बाकावर एका पायावरून दुसऱ्या पायावर होताना मला टायको ब्राहे आठवला. मोठा खगोलशास्त्रज्ञ. १६०१ साली प्रागमध्ये मेजवानी चालू असताना मध्येच उठून जाणं शिष्टाचाराला धरून दिसणार नाही म्हणून तो बसून राहिला, घरी आल्यावर लघवी अडली आणि अकरा दिवसांत गेला, असं सांगतात. ग्रहांच्या वेळा इतक्या काटेकोर टिपणारा माणूस, पण स्वतःची वेळ चुकली. मी शिष्टाचार बाजूला ठेवला आणि टेबलावर आधीच जाऊन आडवा झालो. त्यांनी पोटावर गार जेली ओतली, वरून यंत्र दाबलं, आणि वर म्हणाल्या, "काका, रिलॅक्स." सगळं झाल्यावर "आता जाऊन या, परत बघायचंय, आत किती उरते ते." ही एवढी एकच वेळ, जेव्हा मी कुठलीही शंका न घेता गेलो.

रिपोर्ट आला. ग्रंथी अठ्ठावीस ग्रॅम. तरुणपणी ती साधारण वीसची असते, अक्रोडाएवढी. "वयाच्या मानानं काहीच नाही," डॉक्टर म्हणाले. छत्तीस वर्षांत माझ्या कुठल्याही गोष्टीला कुणी 'वयाच्या मानानं काहीच नाही' म्हटलं नव्हतं. मी खूश. डॉक्टर मात्र विचारात पडले. त्यांनी माझ्या नडगीवर अंगठा दाबून धरला. काढला तर तिथे खळगा. मोज्यांचे वळही दाखवले. "दिवसभर पाय लोंबकळत ठेवून बसता?" बसतोच. पेपर, टीव्ही, कट्टा, सगळं खुर्चीवरच. दिवसभर पाणी पायांत उतरून साठतं आणि रात्री आडवं झालं की परत रक्तात येतं, मूत्रपिंडं ते गाळून काढतात. शिवाय रात्री मेंदूकडून व्हॅसोप्रेसिन नावाचं हार्मोन सुटतं, ते मूत्रपिंडांना 'आता जरा दमानं' असं सांगतं. वय झालं की तो निरोप नीट पोचत नाही. आमच्या सोसायटीच्या वॉचमनचंही रात्री असंच आहे.

"घोरता का?" त्यांनी विचारलं.

या प्रश्नाची बायको छत्तीस वर्षं वाट बघत होती. तिनं खुर्ची पुढे ओढली आणि बोलायला लागली. श्वास अडकतो, मग दचकून सुरू होतो, मग मी एक डोळा उघडून तिलाच "काय झालं?" विचारतो, सगळं सांगितलं. झोपेत श्वास अडकला की हृदयातूनही एक हार्मोन सुटतं आणि लघवी जास्त तयार होते, असं डॉक्टर म्हणाल्यावर तर तिच्या चेहऱ्यावर कोर्टात निकाल लागल्याचं समाधान पसरलं. "म्हणजे घोरणं हा नुसता माझा त्रास नाही तर," ती म्हणाली.

डॉक्टरांनी झोपेची तपासणी पुढच्या महिन्यावर ठेवली आणि मला तीन दिवसांची वही लिहायला सांगितली. किती वाजता किती प्यायलो, किती वाजता किती गेली. मापून. मिलीलिटरमध्ये. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणी मला हिशेबाचं काम दिलं होतं. मी माळ्यावरून जुनं लेजर काढलं, डावीकडे 'जमा', उजवीकडे 'नावे' अशा रेघा मारल्या. मापाचं भांडं हवं होतं. सुनेच्या केकच्या भांड्याकडे माझी नुसती नजर गेली, तर ते त्या दिवसापासून कपाटात कुलपात आहे. मी बाजारातून आपला स्वतंत्र मग आणला. नातवानं विचारलं, "आजोबा, हा कशाला?" "पाऊस मोजायला," मी म्हणालो. त्यानं तो गॅलरीत नेऊन ठेवला. त्या रात्री पहिली एन्ट्री गॅलरीत जाऊन शोधावी लागली.

तीन दिवसांनी वही घेऊन गेलो. रात्री बारा चाळीसला २८० मिली, अडीचला २५०, चार पाचला २४०, सकाळी साडेसहाला २००. रात्रीची एकूण ९७०, चोवीस तासांची २१५०. डॉक्टरांनी मनात भागाकार केला. "पंचेचाळीस टक्के रात्री. या वयात एक तृतीयांशाच्या वर जायला नको." मग मान वर करून म्हणाले, "काका, रात्री तुम्ही पिता किती?"

मी ताडकन उठलो. "काय बोलताय? घेत नाही हो मी! आमच्या घराण्यात कुणी..."

"पाणी, काका. पाणी."

मी 'जमा' बाजू पुढे केली. त्यांनी ती मोठ्यानं वाचली. बायको आणि नर्स ऐकत होत्या. त्रिफळा २००. हळदीचं दूध २००. हार्टचं पाणी २५०. गोखरूचा काढा १५०. धणे-जिऱ्याचं पाणी २००. तीळगूळ खाल्ल्यावर तहान लागली म्हणून १००. रक्तदाबाची गोळी घेताना १००. सगळं साडेनऊ ते दहाच्या दरम्यान. बेरीज बाराशे.

केबिनमध्ये काही वेळ फक्त एसीचा आवाज येत होता.

"ही रक्तदाबाची गोळी रात्री का घेता?"

"सकाळी विसरायला होतं."

"यात लघवी वाढवणारं औषध आहे. म्हणूनच मी सकाळी लिहिली होती."

मी त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट बघत बसलो. तेहतीस वर्षं लोकांच्या खात्यातली एका पैशाची चूक शोधणाऱ्या माणसानं रोज रात्री स्वतःच्या खात्यात बाराशे जमा करून वर 'शिल्लक का राहत नाही' अशी तक्रार नोंदवली होती. बायको नर्सला सांगत होती, "आमच्याकडे औषधांसाठी वेगळे पेले आहेत. सहा."

डॉक्टरांनी नवीन गोळी दिलीच नाही. संध्याकाळनंतर पाणी बेतानं, चहा दुपारी चारनंतर नाही, रक्तदाबाची गोळी सकाळी, आणि दुपारी तासभर पाय उशीवर उंच ठेवून पडायचं. "आणि झोपण्याआधी एकदा जायचं, पाच मिनिटांनी पुन्हा जायचं." हा शेवटचा उपाय ऐकून मला गिरगावातल्या आमच्या चाळीतली आजी आठवली. चाळीतले संडास गॅलरीच्या टोकाला, तिथे रात्री जायचं म्हणजे भुतांशी ओळख काढायची, म्हणून ती रोज आम्हा सात नातवंडांना ओळीनं मोरीशी उभं करून हुकूम द्यायची. कुणी "नाही लागली" म्हटलं तर "तरी उभा राहा, येईल" म्हणायची. फी काही घेत नसे.

दुपारी पाय वर करून पडायचा सल्ला मी सगळ्यांत निष्ठेनं पाळतो. "भाजी आणता का?" असं कुणी विचारलं की मी नुसतं पायांकडे बोट दाखवतो. "हे डॉक्टरांनी तासभरच सांगितलंय ना?" असं बायको रोज विचारते. मी तासाचा अर्थ व्यापक घेतो.

कट्ट्यावर मी खरं कारण सांगितलं, तर कुणाचा विश्वास बसला नाही. "पाणी कमी? मग मूतखडा होईल," असं म्हणून एकानं कुळथाचं कढण सुचवलं. रात्री, झोपताना.

मी चारवरून दोनवर आलो, मग एकवर. गेल्या मंगळवारी तर शून्य. सलग सात तास झोपलो. सहाला जाग आली ती दाराची बेल वाजली म्हणून. मी दार उघडलं. खालचे हेडमास्तर, गळ्यात मफलर, हातात गोळ्यांची डबी, चेहरा पडलेला.

"बरे आहात ना?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत विचारलं.

"हो सर. का?"

"चारचा आला नाही," ते म्हणाले. "मी वाट बघत पडून राहिलो. गोळी राहिली, फिरणं राहिलं, आता चहाही तासभर नाही. तुम्ही बाकीचे बंद केलेत त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण काहीही करून तेवढा चारचा चालू ठेवा."